सोमवारचं पाणी

कृष्णात शिंत्रे माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्याच्या विहिरीत बघायचा. याला कोणी गुण म्हणो, कोणी खोड म्हणो, खातं याला नोकरी म्हणत होतं. निपाणीकडच्या एका खेड्यातून तो बावन्न साली बंगळूरला आला, दोन वर्षं यशवंतपूरच्या मालधक्क्यावर हमाली केली, आणि चोपन्न साली जमिनीतल्या पाण्याची नोंद ठेवणाऱ्या एका सरकारी खात्यात हंगामी मदतनीस म्हणून चिकटला. खात्याने त्याला एक सायकल दिली, शंभर फुटी पोलादी टेप दिली, खडूचा डबा दिला, आणि यशवंतपूरपासून हेब्बाळ आणि पुढे देवनहळ्ळीच्या वाटेवरच्या चोवीस विहिरींची यादी हातात ठेवली. दर महिन्याला प्रत्येक विहिरीचं पाणी काठापासून किती खाली आहे ते लिहायचं, एवढंच काम. दुसऱ्या कोणाला दिलं असतं तर चार महिन्यांत गडी झाडाखाली बसून मनाने आकडे लिहू लागला असता. कृष्णातला मात्र या कामाचं वेड लागलं.

वेड म्हणजे किती? तो मुलगी बघायला गेला तेव्हाची गोष्ट. मुलीचे वडील रेल्वेत गँगमन. पोहे आले, मुलगी आली, पण नवरा मुलगा जागेवर नाही! शोधाशोध झाली. बुवा परसात विहिरीच्या काठावर पोटावर आडवे, आणि टेप आत सोडलेली. लोकांनी त्याला धरून आणलं, समोर बसवलं, आता मुलीला काहीतरी विचार म्हणाले. तर हा हरखून म्हणतो कसा, "एकवीस फूट सात इंच! झकास इहीर हाय तुमची!" मुलीच्या वडिलांनी कपाळाला हात लावला. विमला मात्र पदराआड फसकन हसली, आणि लग्न ठरलं ते त्या हसण्यावरच. पुढे ती शेजारणींना सांगायची, माझं नाव यांनी तिसऱ्या भेटीत विचारलं, विहिरीची खोली मात्र पहिल्याच भेटीत.

मोजायची तऱ्हा साधी होती. टेपच्या शेवटच्या दहा फुटांना खडू चोळायचा, वजन बांधलेलं टोक पाण्यात बुडेल इतकं सोडायचं, काठाशी पूर्ण फुटाचा आकडा धरायचा आणि टेप वर ओढायची. जिथवर खडू भिजून काळा पडला तेवढी टेप बुडाली. तेवढं वजा केलं की पाणी किती खाली आहे ते निघालं. हजार वेळा केलं तरी ओला खडू वर येताना कृष्णातच्या छातीत धडधडायचं. जमिनीने सही करून दिली, असं तो म्हणायचा. मधल्या काळात सरकारने फूट काढून मीटर आणले. विहिरींना ते कोणी कळवलेलं नाही, असं म्हणून तो फुटातच मोजत राहिला आणि शेजारी साहेबांसाठी मीटर लिहीत राहिला.

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात त्याची फजिती झाली होती. हेब्बाळला तळ्याच्या खालच्या अंगाला मुनियप्पा नावाच्या भाजीवाल्या शेतकऱ्याची विहीर होती. कृष्णात तिथे गुरुवारी गेला. मोट चालू होती. याने टेप सोडली, ती नाड्यात गुंतली, बैल बुजले, भरलेली मोट अर्ध्यावरून खाली कोसळली, आणि मुनियप्पा आसूड घेऊन याच्या मागे लागला. जीव घेऊन पळताना कृष्णात शेजारच्या द्राक्षाच्या मळ्यात घुसला.

तो मळा सकवारबाईंचा. सकवारबाई म्हणजे बंगळूरच्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या मराठा घरातली विधवा बाई. घरात मराठी, मळ्यात कन्नड, आणि राग आला की दोन्ही एकदम. सगळं हेब्बाळ तिला अक्का म्हणायचं. तिने मुनियप्पाला दोन शब्द सुनावून परत पाठवलं, कृष्णातला ताक दिलं आणि विचारलं,

"काय रे तम्मा, मोट चालू असताना विहिरीत हात घालतात? तुझ्या गावात सोमवार नाही का?"

"हाय की, अक्का. सोमवारी आमच्यात बी कोण बैल जुपत न्हाई."

"मग? इथे पण तो बसवण्णाचा, नंदीचा वार. बैल गोठ्यात, मोट खुंटीला, विहीर मोकळी. तू सोमवारी येत जा. सरी?"

"सरी," कृष्णात म्हणाला. सरी म्हणजे बरं, आणि तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. परमुलखात त्याला पहिल्यांदा कोणी भाऊ म्हटलं होतं, आणि वर एवढी नामी युक्ती दिली होती! त्याने चोवीस विहिरी चार सोमवारांत वाटून टाकल्या. त्यानंतर दहा वर्षं त्याने एक सोमवार चुकवला नाही, आणि सोमवार सोडून त्या विहिरींत टेप कधी टाकली नाही. बाकीचे दिवस तो कचेरीत बसून आकडे सुवाच्य अक्षरात उतरवायचा.

आणि आकडे तरी कसे! अक्काची विहीर छत्तीस फूट खोल. चैत्रात पाणी एकोणीस फुटांवर, पाऊसकाळ सरता सरता बारावर. वर्षामागून वर्षं गेली, आकडा इंच-दोन इंच इकडे-तिकडे. साठ सालाच्या सुमारास मळ्यामळ्यांत ऑईल इंजिनं आली. मोटा अडगळीत गेल्या, पण सोमवार होता तिथेच राहिला. लोक इंजिनालाही बैलासारखं सोमवारी हळदकुंकू लावून बसवून ठेवायचे. इंजिनं आली तरी चैत्रात पाणी एकोणीसच फुटांवर! कृष्णातला आनंद मावेना. तो साहेबांना सांगायचा, "ही जमीन न्हाई साहेब, कामधेनू हाय."

साहेब म्हणजे उपेंद्र निमकर. पुण्याचे, भूगर्भशास्त्र शिकलेले, एकसष्ट साली या खात्यात आलेले. त्यांनी कृष्णातचं रजिस्टर पहिल्यांदा उघडलं तेव्हा त्यांचा चष्मा नाकावरून खाली आला. "शिंत्रे, इतका क्लीन डेटा मी पुण्यातसुद्धा पाहिला नाही," ते म्हणाले. डेटा म्हणजे काय ते कृष्णातला कळलं नाही, पण साहेबांनी आपल्याला डेटा म्हटलं हे त्याने घरी जाऊन विमलाला सांगितलं.

चौसष्ट साली एका सरकारी कारखान्याला कामगारांसाठी वसाहत बांधायची होती. सहाशे घरं! पाणी कुठून आणायचं? निमकरांनी रजिस्टर उघडलं आणि हेब्बाळवर बोट ठेवलं. अक्काच्या मळ्याला लागून तीन खोल बोअर पाडायच्या ठरल्या. पहिली पाडूनही झाली, दीडशे फुटांची. आता एक दिवसभर तिच्यावर मोठा पंप चालवायचा आणि शेजारच्या विहिरी किती उतरतात ते बघायचं. फार उतरल्या नाहीत तर साहेब सही करणार. निमकरांनी विचारलं, "शिंत्रे, टेस्टला वार कुठला बरा?"

कृष्णात छाती पुढे काढून म्हणाला, "सोमवार, साहेब! समद्या इहिरी मोकळ्या असत्यात." साहेब खूश झाले. टेस्ट पार पडली की तुम्हाला कायम करण्याचा कागद पुढे सरकवतो, असंही म्हणाले. दहा वर्षं हंगामी राहिलेला माणूस त्या दिवशी सायकलवरून घरी आला नाही, उडत आला.

टेस्ट सोमवारी. त्याच्या आदल्या शनिवारी दुपारी कृष्णात अक्काकडे गेला तो विहिरीसाठी नव्हे. रविवारी संध्याकाळी त्याच्या धाकट्या, तिसऱ्या मुलीचं बारसं होतं, त्याचं आमंत्रण द्यायचं होतं. अक्का पलीकडे वेलींच्या मांडवाखाली होती. तिला हाक मारून तो सवयीने विहिरीवर वाकला.

विहिरीत पाणी नव्हतं.

तळाचा काळा खडक उघडा पडला होता. खडकाच्या खोबणीत परातभर गढूळ पाणी होतं, त्यात एक बेडूक बसला होता आणि वर कृष्णातकडे बघत होता. इंजिनाचा पाइप हवेत लोंबत होता. कृष्णातने पिशवीतून टेप काढली, खडू चोळला, सोडली. पस्तीस फूट. पुन्हा सोडली. पस्तीस. टेपच बिघडली म्हणून तो ती जमिनीवर पसरून वितीने मोजू लागला. बारा दिवसांपूर्वी, सोमवारी, याच काठावर, याच टेपने त्याने एकोणीस लिहिलं होतं.

"अक्का!" तो ओरडला. "अवो अक्का, इहीर फुटली तुमची!"

अक्का पदराला हात पुसत आली, विहिरीत डोकावली आणि म्हणाली, "फुटली कुठे? शनिवार आहे ना आज. शनिवारी असंच असतं."

"असंच म्हंजे?"

"अय्यो, म्हणजे असंच. मंगळवारी इंजिन लावायचं, रोज स्वल्प स्वल्प खाली जातं. शनिवारी इंजिन हवा खायला लागतं. रविवारी जेमतेम तासभर. सोमवारी सगळ्यांचीच इंजिनं बसतात, मग पाणी परत वर येतं. तू येतोस तोपर्यंत झकास."

"कधीपासनं?"

"इंजिनं आली तेव्हापासून. चार वर्षं झाली की. मोटेच्या वेळी चार-पाच हात उतरायचं, बस. बैल दमायचे आधी, विहीर नंतर. इंजिन दमतंय कुठे?"

"आनि मला कोन बोललं न्हाई?"

"तू विचारलंस कधी? सोमवारी यायचास, पाणी बघून नाचायचास. मी म्हटलं, सरकारला भरलेली विहीर बघायला आवडते, बघू दे."

कृष्णात तसाच सायकलवर बसला आणि सुटला. मुनियप्पाची विहीर: तळ. तिच्या पुढची: तळ. तळ्याच्या बांधाखालची: गुडघाभर. भर उन्हात घाम पुसत तो सहा विहिरी हिंडला, आणि सहाव्या विहिरीच्या काठावर त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या विहिरी वेगवेगळ्या दिसतात, पण खालून सगळ्या एकाच ताटात जेवतात! सहा दिवस सगळे मिळून ताट पुसून खातात, आणि सोमवारच्या उपासाला ते पुन्हा वाढलं जातं. आपण दहा वर्षं फक्त वाढलेलं ताट बघितलं. आपला एकही आकडा खोटा नाही, पण एकूण रजिस्टर मात्र भलतंच बोलतंय!

आणि मग त्याला त्या तीन बोअर आठवल्या. सहाशे घरांच्या वसाहतीला सोमवार नसतो. तिथली माणसं सोमवारीही आंघोळ करणार. तो पंप एक दिवस थांबणार नाही, ताट कधीच भरणार नाही, आणि अक्काची विहीर त्या बेडकासकट कायमची उघडी पडणार. तेही कोणामुळे? ज्याला तिने भाऊ म्हटलं त्याच्या रजिस्टरामुळे. कृष्णात घाबरला. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त तो पेटला. दहा वर्षं जमीन आपल्याशी एकाच वारी बोलत होती, आज पहिल्यांदा दुसऱ्या वारी बोलली, या नादात तो घरापर्यंत एकटाच मोठमोठ्याने बडबडत गेला.

रविवारी सकाळी तो निमकरांच्या मल्लेश्वरमच्या घरी हजर. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला, पण ते डगमगले नाहीत.

"शिंत्रे, एप्रिल महिना आहे. उपसल्यावर विहीर उतरणारच. पण एका दिवसात सोळा फूट भरते म्हणता? मग तर रिचार्ज उत्तमच आहे!"

"भरतीय ती समदी इंजिनं बंद असत्यात म्हणून, साहेब! कॉलनीचा पंप काय सोमवारचा बंद ठेवनार?"

निमकरांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "हे बघा, कारखान्याची मंडळी उद्या सकाळी सातला येतायत. तारीख आता हलत नाही. टेस्टमध्ये दिसेल ते मी लिहीन, अगदी विरुद्ध दिसलं तरी लिहीन. पण जे दिसलंच नाही ते मी कसं लिहू?"

कृष्णात जिना उतरला तेव्हा हे शेवटचं वाक्य त्याच्या कानात घोळत होतं. दिसलं तर लिहीन. म्हणजे दिसायला हवं. म्हणजे सोमवारी सगळी इंजिनं चालू हवीत. आणि सोमवारी इंजिन चालू करा असं हेब्बाळात सांगणं म्हणजे देवळात चप्पल घालून जा असं सांगण्यासारखं होतं.

संध्याकाळी बारशाला अक्का झबलं-टोपडं घेऊन बैलगाडीतून आली. बायका पाळण्याभोवती जमल्या होत्या, आणि बाळाचा बाप कोपऱ्यात उभा राहून अक्काच्या कानाशी लागला होता. विमलाने डोळे वटारले. "पोरीच्या कानात अजून नाव गेलं न्हाई, तवर तुमची इहीर घुसली व्हय मधे?"

पण अक्काचा चेहरा उतरला होता. "सोमवारी इंजिन? काय बोलतोस तू? प्लेगात घरात दोन माणसं गेली, तरी माझ्या सासऱ्यांनी सोमवार मोडला नाही."

"एक मोडला तर बाकीचे वाचत्यात, अक्का. न्हाईतर उद्याच्याला तुमच्या इहिरीला कधीच सोमवार मिळनार न्हाई. चूक माझी हाय. म्या रजिस्टर दावलं म्हणून ती लोकं तिथं आली."

आत्या म्हणून अक्कालाच पाळण्याशी बोलावलं होतं. तिने बाळाच्या कानात विद्या असं नाव सांगितलं, घुगऱ्या पदरात बांधून घेतल्या आणि गाडीत बसून निघून गेली. हो नाही, ना नाही. कृष्णातला बारशाचा पेढा गोड लागेना.

सोमवार उजाडला. बोअरशेजारी छोटा मांडव पडला होता, खुर्च्या मांडल्या होत्या, कारखान्याची दोन बडी मंडळी इडली खात बसली होती. बरोबर सातला पंप सुरू झाला आणि मांडीएवढी पाण्याची धार फुसांडत बाहेर पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कृष्णात अक्काच्या विहिरीवर टेप घेऊन बसला होता. दर पाव तासाने मोजायचं आणि आकडा मांडवाकडे ओरडून सांगायचा.

"एकोणीस फूट!" तो ओरडला. पाव तासाने, "एकोणीस फूट दोन इंच!" मग, "तीन इंच!" मांडवात निमकर आकडे लिहीत होते आणि मान डोलवत होते. शिवारात सगळीकडे सोमवार होता. एक इंजिन वाजत नव्हतं. आठ वाजले. साडेआठ वाजले. कृष्णातने अक्काच्या घराकडे इतक्या वेळा पाहिलं की त्याची मान आखडली. ती आलीच नाही तर? तर साहेब दिसलं ते लिहितील, आणि दिसत होतं ते सगळं झकास होतं.

पावणेनऊला अक्का आली. हातात पूजेचं ताट, आणि मागे मुनियप्पा. तोच, आसूडवाला. तिने आधी गोठ्यात जाऊन बैलांना ओवाळलं. मग इंजिनापाशी आली, कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि मोठ्याने म्हणाली, "बसवण्णा, तुझे बैल गोठ्यात आहेत. मोडलाय तो विहिरीचा सोमवार. त्याची माफी मी विहिरीकडे मागते." मग मुनियप्पाकडे वळून म्हणाली, "हूं, मार हँडल!"

मुनियप्पाने हँडल गरागरा फिरवलं. इंजिन खोकलं, धुराची गुठळी फेकली आणि ठुकठुक चालू झालं. आणि काय सांगावं! तो आवाज ऐकताच पलीकडच्या मळ्यातून दुसरं ठुकठुक आलं. मग तळ्याकडून तिसरं. मग चौथं. अक्का बारशाहून घरी गेलीच नव्हती, दारोदार फिरली होती. नऊ वाजेपर्यंत बारा इंजिनं एका वेळी गरजत होती. हेब्बाळच्या जन्मात असा सोमवार झाला नव्हता! कृष्णात विहिरीच्या काठावर उभा राहून दोन्ही हात वर करून नाचला. कोणी काही म्हणो, सरकारी माणूस नाचला.

"वीस फूट चार!" तो ओरडला. "एकवीस सात!" मग त्याला ओरडताना दम लागायला लागला. "तेवीस! साहेब, तेवीस!" बाया, बाप्ये, सगळे काठावर गोळा झाले. प्रत्येक आकड्याला कोणी हाय म्हणायचं, कोणी अय्यो म्हणायचं. अकराला अठ्ठावीस. बाराला बत्तीस. ओला खडू वर येईना, टेपला नुसता चिखल लागून येऊ लागला. एवढ्यात मांडवाकडून आरडाओरडा झाला. बोअरची मांडीएवढी धार मनगटाएवढी झाली होती. बोअर दीडशे फूट खोल खरी, पण पाणी तीही त्याच वरच्या ताटातलं पीत होती. बघता बघता ती बोटाएवढी झाली, लाल चिखल ओकू लागली, आणि एकच्या सुमारास पंपाने दोनदा हवेचा घोट घेतला आणि मुका झाला.

निमकर कागद हातात घेऊन धावत आले. "आज सोमवारी इंजिनं कोणी चालू केली?"

अक्का तोंड उघडणार तेवढ्यात कृष्णात पुढे झाला. "म्या सांगितलं, साहेब."

"का?"

"कॉलनीचा पंप रोज चालनार. मग इंजिनं बी रोजची पायजेत, तवा खरी टेस्ट. ही बघा रोजची टेस्ट. आनि साहेब, त्यात लिवा. म्या दहा वर्सं जे मोजलं ते समदं सोमवारचं हाय. बाकीचे सा दिवस म्या कधी बघितलेच न्हाईत."

मागून आलेल्या कारखान्याच्या माणसाने इंग्रजीत काहीतरी खडसावून विचारलं. निमकरांनी मराठीत सांगितलं, "ते विचारतायत, रजिस्टर दहा वर्षं चुकीचं आहे का?"

कायम होण्याचा कागद कृष्णातला डोळ्यांसमोर दिसत होता, पाळण्यातली पोर दिसत होती. "आकडे खरे हायत," तो म्हणाला. "पन त्यावर माझ्या नावानं लिवा, की शिंत्रेनं नुसता विसाव्याचा वार मोजला."

निमकर खाली जमिनीवर, चिखलातच बसले, मांडीवर कागद घेतला आणि भराभर लिहू लागले. ते लिहिताना इतके रंगले की चष्म्यावर चिखल उडाला तरी त्यांनी पुसला नाही. "शिंत्रे," ते वर न बघता म्हणाले, "विसाव्याचा आकडा तुमच्याकडे दहा वर्षांचा आहे. आता कामाच्या दिवसाचा आणा. दोन्ही मिळून काय चीज होईल ठाऊक आहे?"

हेब्बाळच्या त्या शिवारात वसाहतीच्या बोअर झाल्या नाहीत. त्या दुसरीकडे कुठेतरी झाल्या, आणि तिथे कोणाचे सोमवार मोडले ते मोजायला कोणी गेलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. कृष्णातच्या कायम होण्याच्या कागदावर कोणीतरी शेरा मारला आणि तो आणखी दोन वर्षं अडला. विमला म्हणाली, अडू दे, निदान या घरात मोजलेलं खरं असतं.

अक्काने मोडलेल्या सोमवाराच्या बदली मंगळवार पाळायला लावला, आणि एकाही मळ्यात इंजिन वाजलं नाही. बुधवारी सकाळी कृष्णात गेला तेव्हा पाणी पंचवीस फुटांवर होतं. पुढच्या सोमवारी तो पहाटेच निघाला. अख्खं हेब्बाळ गप्प होतं. त्याने खडू चोळला, टेप सोडली, वर ओढली, आणि ओल्या रेघेकडे बघत बसला. एकवीस फूट. त्याने दुसऱ्यांदा मोजलं. एकवीसच. एकोणीस काही आलं नव्हतं.

अक्का मागे येऊन उभी होती. "किती?"

खोटं बोलायचं तर एकच शब्द होता, आणि अक्काला तो ऐकून बरं वाटलं असतं. "एकवीस," कृष्णात म्हणाला. "दोन फूट कमी."

अक्का विहिरीत डोकावली. मग म्हणाली, "तुला सोमवारी ये म्हणून मीच सांगितलं होतं ना रे, तम्मा?"

"व्हय, अक्का."

"आता शनिवारी ये."

"शनिवारी काय बघू? तळ?"

"तळच बघ. पाणी बघायला सगळेच येतात."

कृष्णातने मान हलवली. रजिस्टर उघडून त्याने पानाच्या मधोमध पट्टीने एक उभी रेघ मारली, डावीकडे सोमवार लिहिलं, उजवीकडे शनिवार लिहिलं, आणि उजवा रकाना शनिवारपर्यंत मोकळा ठेवला.